रेंज आहे, पण नेट नाही

आमलीहून खानवेलमार्गे दुधनीकडे निघाले की रस्ता सह्याद्रीच्या पायथ्याच्या टेकड्यांत शिरतो आणि पुढे मधुबन धरणाचा जलाशय लागतो. अशा डोंगराळ भागातील एक तक्रार गोव्यातल्या सत्तरी-काणकोणच्या वाचकालाही परकी वाटणार नाही. फोनवर सिग्नलच्या दांड्या दिसतात, पण पान उघडत नाही आणि पैसे पाठवताना चक्र नुसते फिरत राहते.

मोबाइल इंटरनेटला बिनतारी म्हटले जाते. प्रत्यक्षात बिनतारी असतो तो मुख्यतः पहिलाच टप्पा, फोन ते टॉवर. तिथून पुढे माहिती बहुधा ऑप्टिकल फायबरने, आणि दुर्गम जागी टॉवरवरील गोल तबकडीतून सूक्ष्मलहरींनी, कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे जाते. ही यंत्रणा सिमकार्डावरून ग्राहक ओळखते, त्याचा पॅक शिल्लक आहे का ते पाहते, फोनला तात्पुरता आयपी पत्ता देते आणि मगच इंटरनेटचे दार उघडते. मागितलेले पान परदेशातील संगणकावर असेल, तर ही मागणी मुंबईत वर्सोव्यासारख्या ठिकाणी किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्राखालच्या केबलमधूनही जाऊ शकते. माहिती अखंड जात नाही. तिची लहान पाकिटे होतात आणि ती फोनमध्ये पुन्हा जुळवली जातात.

आता दांड्यांकडे वळू. टॉवरचा आवाज फोनला किती स्पष्ट ऐकू येतो, एवढेच त्या सांगतात. फोनचा आवाज टॉवरला पोचतो की नाही, हे सांगत नाहीत. टॉवर अनेकदा कित्येक वॅट शक्तीने बोलतो, तर ४जी फोनची कमाल शक्ती साधारण ०.२ वॅट. दोघांच्या मध्ये टेकडी आली की हे संभाषण एकतर्फी होते, आणि फोन पूर्ण जोर लावून बोलू लागल्याने बॅटरीही लवकर उतरते. शिवाय किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे फोनचा निर्माता ठरवतो. त्यामुळे दोन फोनांच्या दांड्यांची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही.

लहरींची लांबीही महत्त्वाची. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटीमीटरची असते. ती दूर जाते, भिंतीतून शिरते. ५जीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३३०० मेगाहर्ट्झची लहर जेमतेम ९ सेंटीमीटरची. ती माहिती भरपूर वाहून नेते, पण लवकर थकते. म्हणून शहरात वेगवान वाटणारे ५जी डोंगराआड मागे पडते.

मात्र शहरातही नेट अडते, आणि त्याचे कारण निराळे आहे. एका टॉवरची क्षमता त्याच्या कक्षेतील सर्वांत वाटली जाते. पाळी सुटल्यावर कामगारवस्तीतील शेकडो फोन एकाच वेळी व्हिडिओ मागू लागले, तर दांड्या पूर्ण असूनही प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच येते.

दूरसंचाराच्या नकाशावर दादरा आणि नगर हवेली गुजरात परिमंडळात मोडते, तर गोवा महाराष्ट्र परिमंडळात. लहरींना अर्थातच ही सीमा कळत नाही. महाराष्ट्राच्या हद्दीजवळ फोन अलीकडचा टॉवर सोडून पलीकडचा धरू शकतो, आणि तेव्हा रोमिंगची खूण दिसते. सेटिंगमध्ये डेटा रोमिंग बंद असेल, तर सिग्नल असूनही इंटरनेट मिळत नाही. ते सुरू आहे ना, हे पाहून ठेवावे. फोन अडकून पडलाच, तर विमान मोड लावून काढावा. फोन टॉवर नव्याने शोधतो.

पैशांच्या बाबतीत मात्र घाई नको. पैसे पाठवण्याची मागणी बँकेपर्यंत पोचलेली असते, फक्त उत्तर परतताना हरवलेले असते, असेही घडते. अशा वेळी दुसऱ्यांदा पैसे पाठवण्याआधी खात्यातील शिल्लक पाहावी. मोबाइल क्रमांक बँकेशी जोडलेला असेल आणि सिमवर ही सोय सुरू असेल, तर *९९# डायल करून ती इंटरनेटशिवायही कळते.