पॅटर्न विकण्याआधी: त्यातलं तुमचं नेमकं किती?

मागच्या महिन्यात एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "ताई, फेलोशिप उशिरा येते म्हणतात. मला डिझाइन बरं जमतं. स्टॉक साइटवर पॅटर्न विकले तर चालेल का?"

चालेल. फक्त त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: या पॅटर्नमधलं माझं नेमकं किती? मला हा प्रश्न लॅबमध्ये शिकावा लागला, तोही अगदी शेवटच्या क्षणी वाचल्यावर. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी व्यवहार समजून घेऊ. शटरस्टॉक किंवा अडोबी स्टॉकवर आपण चित्र विकतो असं म्हणतो, पण खरं तर आपण वापराचा परवाना देतो. मालकी आपल्याकडेच राहते आणि तोच पॅटर्न अनेक जण वापरू शकतात. अडोबी स्टॉक चित्रांवर ३३ टक्के रॉयल्टी देतं. शटरस्टॉकवर जून २०२० पासून १५ ते ४० टक्क्यांच्या सहा पायऱ्या आहेत आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. ग्राहकाने सबस्क्रिप्शन घेतलेलं असेल, तर एका डाउनलोडमागे आपल्या हातात डॉलरचा छोटासा अंश पडतो. दोन-चार पॅटर्न टाकून खोलीभाडं निघेल या भ्रमात राहू नका. शेकडो पॅटर्न टाकणाऱ्यांनाच काहीतरी नियमित मिळतं.

आता माझी फजिती. दुसऱ्या वर्षात असताना एसईएमखाली झिंक ऑक्साइडच्या नॅनोरॉड्सचा एक देखणा फोटो आला. षट्कोनी टोकांच्या कांड्या, शेवंतीच्या फुलासारख्या पसरलेल्या. मी त्याला रंग दिले, कडा जुळवल्या, पॅटर्न तयार! अपलोड करायच्या आधी सहज सीनिअरला दाखवला. तो म्हणाला, "मस्त आहे. पण सॅम्पल कुणाचं?"

सॅम्पल प्रोजेक्टचं, यंत्र संस्थेचं, आणि त्याच कामावर गाइड मॅडम पेटंटचा अर्ज तयार करत होत्या. आपल्या पेटंट कायद्यात काही मोजके अपवाद सोडले, तर अर्जाआधी शोध जगजाहीर झाल्यास त्याचं नावीन्य संपतं. एका रंगीत चित्राने सगळं उघड झालं असतंच असं नाही. पण मी बावळटासारखं कीवर्डमध्ये पदार्थाचं नाव आणि बनवण्याची पद्धतसुद्धा लिहून ठेवली होती. शिवाय चित्र एकदा कुणी डाउनलोड केलं, की आपण साइटवरून काढून काय उपयोग?

त्या दिवसापासून मी प्रत्येक पॅटर्नकडे तीन थरांत बघते.

पहिला थर पुनरावृत्तीच्या नियमाचा. सपाट पृष्ठभागावर दोन दिशांनी पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीत सममितीचे फक्त १७ प्रकार शक्य असतात. रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फेदोरोव यांनी १८९१ मध्ये हे सिद्ध केलं. १९२४ मध्ये पोल्या यांनी ते स्वतंत्रपणे पुन्हा मांडलं. साडीवरची बुट्टी घ्या नाहीतर न्हाणीघराची टाइल, अठरावा प्रकार सापडणार नाही. म्हणजे हा थर कुणा एकाचा नाही. तो सगळ्यांचा आहे.

दुसरा थर आकृतीचा. तुमची रेघ, रंग, मांडणी. मौलिकता असते ती इथे. भारतात यावरचा कॉपीराइट चित्र तयार होताच मिळतो, नोंदणीची सक्ती नाही.

तिसरा थर स्रोताचा. आकृती कशापासून बनली? लॅबचा डेटा, कुणाचा फोटो, फुकट उतरवलेलं व्हेक्टर, एखादा ब्रश? घसरतो ते बहुतेक इथेच. 'मी एवढे बदल केले' हे उत्तर पुरत नाही. दुसऱ्याचा आलेख रंग बदलून थीसिसमध्ये घातला तर तो आपला होतो का? नाही ना? तसंच.

मग विज्ञानाच्या विद्यार्थ्याने काय विकावं? माझा उपाय सांगते. अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्ये दाखवलं, की दोन रसायनांची अभिक्रिया आणि त्यांचं वेगवेगळ्या गतीने पसरणं यांतून ठिपके-पट्टे आपोआप उमटू शकतात. याच जातीचं ग्रे-स्कॉट मॉडेल पायथॉनच्या पन्नासेक ओळींत बसतं. समीकरणं सगळ्यांसाठी खुली आहेत. कोड मी घरच्या लॅपटॉपवर स्वतः लिहिला. फीड ०.०३७ आणि किल ०.०६० ठेवलं, की बोटांच्या ठशासारखी वळणं येतात. आकडे थोडे हलवले की नक्षी बदलते.

यात एक गंमत आहे. स्टॉकवरच्या पॅटर्नला सगळ्यात मोठी अट म्हणजे जोड दिसता कामा नये. चित्रकार त्यासाठी चित्र अर्ध्या रुंदीने आणि अर्ध्या उंचीने सरकवून मधोमध आलेल्या कडा तपासतात. आपण सिम्युलेशनमध्ये आवर्ती सीमा अट घातली, म्हणजे उजवी कड डावीला आणि वरची खालचीला जोडली, की जोड उरतच नाही. एम.एस्सी.ला नुसती पाठ केलेली अट इथे डोळ्यांना दिसते. त्यानंतर रंग, जाडी, मांडणी यांवर मात्र हाताने काम करा. कोडचं कच्चं चित्र तर कुणीही काढेल.

आता कायद्यातली एक मेख, जी बऱ्याच जणांना माहीतच नसते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १५ सांगतं, की एखादं डिझाइन डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्याजोगं असेल पण नोंदवलेलं नसेल, आणि ते लावलेली वस्तू मालकाने किंवा त्याच्या परवान्याने दुसऱ्याने औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त वेळा बनवली, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. मायक्रोफायबर्स विरुद्ध गिरधर या खटल्यात गादी-सोफ्याच्या कापडावरच्या नक्षीचाच वाद होता. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नोंदणी न केलेल्या मालकाचा कॉपीराइटचा दावा मान्य केला नाही. स्टॉकवरून विस्तारित परवाना घेऊन कुणी तुमच्या नक्षीचे पडदे छापले, तर पन्नासचा आकडा किती लवकर येईल? म्हणून ज्या नक्षीवर पुढे स्वतःचा व्यवसाय करायचा मनात आहे, ती आधी स्टॉकवर टाकू नका. डिझाइनची नोंदणीही ती प्रसिद्ध होण्याआधीच करावी लागते.

अपलोड करण्याआधी एवढं करा:

१. प्रत्येक पॅटर्नची एक छोटी नोंद ठेवा: तारीख, स्रोत, कोडची आवृत्ती, वापरलेले आकडे. लॅबच्या वहीसारखीच.

२. लॅबचं सॅम्पल, यंत्र किंवा अप्रकाशित डेटा यांचा जराही संबंध असेल, तर गाइडना विचारा. लेखी.

३. फेलोशिपच्या अटी वाचा. दुसरी पगारी नोकरी चालत नाही हे बहुतेकांना ठाऊक असतं. रॉयल्टी कशात मोडते हे संस्थेच्या कार्यालयातून स्पष्ट करून घ्या.

४. अमेरिकी साइटवर डब्ल्यू-८बेन फॉर्म पॅन क्रमांकासह भरा, नाहीतर तिथल्या विक्रीवर ३० टक्के कर कापला जाऊ शकतो. मिळालेली रक्कम आपल्या रिटर्नमध्येही दाखवा.

माझा तो झिंक ऑक्साइडचा पॅटर्न अजून फोल्डरमध्येच आहे. पेटंटचा अर्ज गेला, पेपरही येईल. मग मॅडमना विचारून तो आधी आमच्या पोस्टरच्या पार्श्वभूमीला वापरेन, आणि खाली लॅबचं नाव असेल.