एकोणतीसचा पाढा अवघड नाही!



दोन ते तीस पाढे म्हणताना मुले सगळ्यांत जास्त कुठे अडतात? एकोणतीसला! पंचवीसचा पाढा गाण्यासारखा म्हणता येतो. तीसचा तर तीनच्या पाढ्यावर शून्य दिले की झाला. पण एकोणतीस आला की वर्गाचा आवाज बारीक होतो आणि जो तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. म्हणून त्याच पाढ्याची युक्ती मी येथे लिहीत आहे.

आधी पाढा पाटीवर उभा लिहा :

२९, ५८, ८७, ११६, १४५, १७४, २०३, २३२, २६१, २९०.

आता फक्त एकक स्थानचे अंक वाचा. ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २, १, ०. जिना उतरल्यासारखे! मग एकक बोटाने झाका आणि राहिलेले वाचा. २, ५, ८, ११, १४, १७, २०, २३, २६, २९. दर वेळी तीनच वाढले.

असे का होते? २९ म्हणजे ३० ला १ कमी. दर पायरीला आपण ३० मिळवतो आणि १ काढतो. म्हणून दशक तीनाने चढतात आणि एकक एकाने उतरतो. यात जादू वगैरे काही नाही.

म्हणून मधलाच प्रश्न आला तरी घाबरायचे नाही. एकोणतीस साती किती? तीस साती दोनशे दहा. त्यातून सात गेले. राहिले दोनशे तीन. पहिल्यापासून म्हणत बसायला नको.

दहाच्या पुढेही हेच चालते. समजा, घरी गाईचे दूध सकाळी ८ लिटर आणि सांजच्याला ६ लिटर निघते आणि डेअरीत भाव २९ रुपये लिटर मिळाला. सकाळचे २३२, सांजचे १७४, मिळून ४०६ रुपये. आता एकदम करून बघा. १४ लिटर. तीस चौदा ४२०, वजा १४, म्हणजे ४०६. दोन्ही उत्तरे जुळली! दहा दिवसांचे बिल ४०६० रुपये व्हायला पाहिजे. अर्धा लिटर जास्त असेल तर २९ चे निम्मे, साडेचौदा रुपये, वर धरायचे. जुनी माणसे पावकी, निमकी, दिडकी, औटकी पाठ करत, ती अशाच हिशेबासाठी.

बिलावर आकडा छापून आलेला असतो. पण तो बरोबर आहे का, हे आपल्याला उभ्या उभ्या कळले पाहिजे. गाईच्या मागे घरातली माणसे पहाटेपासून राबतात. त्यांच्या कष्टाचे पैसे पुरे आले की नाही, हे बघायला पाढा लागतो. पाढा परीक्षेपुरता नसतो.

सराव कसा करावा?
१) पहिले दोन दिवस बघून मोठ्याने म्हणा.
२) मग उलटा म्हणा : २९०, २६१, २३२... उलटे जाताना ३० काढा, १ मिळवा.
३) दोरीवरच्या उड्या मारताना दर उडीला एक पायरी म्हणा.
४) शेवटी घरच्यांना मधलेच विचारायला सांगा. आई-बाबांनो, तुम्ही भाकरी थापताना, वैरण टाकतानासुद्धा विचारू शकता. ‘एकोणतीस सक?’ एवढेच म्हणायचे.

एकोणतीस जमला की ४९, ९९, १९९ हे सगळे त्याचेच भाऊ. ९९ साती म्हणजे ७०० वजा ७, झाले ६९३.

आता एक कोडे. जत्रेत चपलेचा एक जोड २९९ रुपयांना आहे. घरात पाच माणसे. सगळ्यांना एकेक जोड घ्यायचा तर किती रुपये लागतील? कागद-पेन्सिल घ्यायची नाही. उत्तर तोंडी सांगा!

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी