अंधारातील वाणी आणि पुरुषभेद

सॅम्युएल बेकेट यांच्या ‘नॉट आय’ (१९७२) या नाट्यकृतीत, एक मूक श्रोता वगळल्यास, मंचापासून सुमारे ८ फूट उंचीवर एका स्त्रीचे केवळ तोंड मंद प्रकाशात दिसते. उर्वरित चेहरा छायेत राहतो. मुद्राभिनयाचा आधार प्रकाशयोजनेने असा काढून घेतल्यामुळे बोलणारी कोण, हे ठरविण्याचा सारा भार वाणीवर येतो. वाणी मात्र ‘मी’ नाकारून ‘ती’चीच कथा सांगते. इंग्रजीत कर्ता गाळल्यास भूतकाळी क्रियापद पुरुषभेद दर्शवीत नाही, म्हणून संदिग्धता टिकते. मराठीत ‘(मी) गेले’ व ‘(ती) गेली’ यांतील अंत्य स्वरानेच ती नाहीशी होते. यास्तव मराठी अनुवादकास ‘जाणे’, ‘जाऊन’ अशा पुरुषनिरपेक्ष रूपांचा आश्रय घेणे इष्ट ठरेल.