वादळ येतंय, मांजराचं काय करायचं?

नेकनूरमध्ये बसून चक्रीवादळावर कशाला लिहायचं, असं तुम्हाला वाटू शकतं. समुद्र इथून लांब आहे आणि चक्रीवादळ जमिनीवर आलं की त्याचा जोर ओसरतो, कारण कोमट समुद्रातून मिळणारी वाफ हेच त्याचं इंधन. पण आपल्याकडची कितीतरी माणसं कामासाठी मुंबई-पनवेलला आहेत. शिवाय वळवाचं वादळ पत्रे उडवतं ते आपल्याच घरांचे. म्हणून दोन्हींचा विचार एकत्र करू.

3 जून 2020 ला दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग होता ताशी 110 ते 120 किलोमीटर. हा आकडा नीट समजून घ्या. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर दाब चौपट. ढोबळ हिशोब असा: ताशी 60 किलोमीटरला दर चौरस मीटरवर साधारण 17 किलो वजनाएवढा जोर येतो, 120 ला सुमारे 68 किलो. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्रा सव्वातीन चौरस मीटरचा भरतो. म्हणजे एका पत्र्यावर 220 किलोच्या आसपास! वारा पत्र्याला वर ओढतो आणि दार उघडं असेल तर आत घुसलेली हवा त्याला खालून ढकलते. अशा वेळी पत्र्यावर ठेवलेला दहा किलोचा दगड पत्रा धरून ठेवत नाही, उलट खाली माणसाच्या डोक्यात पडतो. दगड उतरवा, पत्रे नटबोल्टने आवळा, वारा सुटला की दारं-खिडक्या लावून घ्या.

आता मांजर. माणसाला सेकंदाला साधारण 20 हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला 60 हजारांच्याही पुढचा. पत्र्यांचा खडखडाट सुरू झाला की ते माळ्यावर किंवा कणगीमागे दडून बसतं. हाक मारली तरी येत नाही. मग घरातलं कुणीतरी त्याला शोधायला भर वाऱ्यात बाहेर पडतं. खरा धोका इथे आहे. अमेरिकेत 2005 च्या कॅटरिना वादळात पाळीव जनावरांना सोडून जायचं नाही म्हणून अनेकजण घरातच थांबले. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला की आपत्ती आराखड्यात पाळीव प्राण्यांचाही विचार हवा.

मग दडायची सवय आपणच वापरून घेतली तर? नेदरलँड्समधल्या युट्रेक्ट विद्यापीठाचा 2014 चा एक अभ्यास आहे. निवारा केंद्रात नव्याने आलेल्या 19 मांजरांपैकी 10 जणांना लपायला खोकं दिलं, 9 जणांना दिलं नाही. खोकंवाल्या मांजरांचा ताण पहिल्या काही दिवसांत लवकर उतरला. अभ्यास छोटा आहे आणि तो वादळातला नाही, हे लक्षात ठेवा. पण उपाय जवळपास फुकटचा आहे.

भाजीचे दोन प्लास्टिक क्रेट तोंडाला तोंड लावून एका बाजूने दोरीने बांधा, आत जुनं लुगडं घाला. आजपासूनच मांजराला त्यात खाऊ घाला, म्हणजे ती जागा त्याची होईल. किनाऱ्यावर हवामान विभागाचा इशारा साधारण 48 तास आधी येतो, तेव्हाच मांजर घरात घ्या. सोबत तीन दिवसांचं खाणं, पाणी आणि मातीची पाटी ठेवा. वळवाच्या वादळात काही मिनिटंच मिळतात. म्हणून आभाळ काळवंडलं की आधी मांजर आत, मग वाळवण.

वाऱ्यात घाबरलेल्या मांजराला हाताने ओढू नका. जाड गोधडी टाकून गुंडाळून उचला. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी लगेच सरकारी दवाखाना गाठा. हळद-चुना काही लावू नका.

किनाऱ्यावरच्या नातेवाइकांना एक गोष्ट आवर्जून सांगा. वादळाचा डोळा डोक्यावर आला की वारा एकदम पडतो, ऊनही दिसू शकतं. वादळ संपलं असं वाटतं, पण थोड्या वेळाने वारा उलट दिशेने तेवढ्याच जोरात येतो. त्या शांततेत मांजर शोधायला जायचं नाही.

आणि घर सोडायची वेळ आली, मांजर सापडलंच नाही, तर? माणसांनी निघायचं. त्याला चढता येईल अशा उंच जागी पाणी आणि कोरडं खाणं ठेवायचं. सापडलं पण नेता येत नसेल, तर बांधून मात्र ठेवायचं नाही. मोकळं मांजर पाणी वाढलं तर वर चढेल, बांधलेलं चढू शकणार नाही. अडचण आली तर जिल्हा आपत्ती कक्षाचा क्रमांक 1077. तो आजच घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा.