अ‍ॅक्चुअरी पदवीने होत नाही

बारावीचा निकाल लागला की कोणी ना कोणी पालक चकचकीत माहितीपत्रक घेऊन माझ्यासमोर बसतात. मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून. यंदा आलेल्या गृहस्थांनी एका खासगी विद्यापीठाच्या पत्रकातल्या ओळीवर बोट ठेवलं : बी.एस्सी. अ‍ॅक्चुरिअल सायन्स, तीन वर्षं. "म्हणजे तीन वर्षांत पोरगी अ‍ॅक्चुअरी होणार ना, सर?" शैक्षणिक कर्जाचा अर्ज भरून तयार होता.

नाही होणार. हे इतक्यांदा सांगून झालंय की आता संताप येतो. पालकांचा नाही येत. तसा समज होईल अशी ओळ छापणाऱ्यांचा येतो.

अ‍ॅक्चुअरी म्हणजे विमा, निवृत्तिवेतन अशा जोखमींचा पैशांतला हिशेब मांडणारा तज्ज्ञ. 2006 च्या अ‍ॅक्चुअरीज अ‍ॅक्टनुसार भारतात अ‍ॅक्चुअरी घडवण्याचं काम इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्चुअरीज ऑफ इंडियाचं आहे. तिचं कार्यालय आपल्याच नवी मुंबईत, सीवूड्सला. बी.कॉम. झालं म्हणून कोणी सीए होत नाही, तसंच हे. आधी एसीईटी ही प्रवेशपरीक्षा : बारावीनंतर देता येते, 100 पैकी 50 गुण लागतात. मग पेपर. 2019 च्या अभ्यासक्रमात फेलो, म्हणजे पूर्ण अ‍ॅक्चुअरी, होण्यासाठी तेरा पेपर आहेत आणि परीक्षा वर्षातून दोनदा. दर खेपेला एक पेपर, एकदाही नापास न होता, असा हिशेब धरला तरी साडेसहा वर्षं! एका वेळी दोन-तीन पेपर देणारी मुलं आहेत, पण नोकरी सांभाळून अभ्यास करताना एखादा पेपर अडतोच. ब्रिटनमध्ये हेरियट-वॉटसारख्या काही विद्यापीठांच्या पदवीने सुरुवातीच्या पेपरांतून सूट मिळू शकते. शेवटचे पेपर तिथेही चुकत नाहीत. इथलं एखादं विद्यापीठ सूट मिळते म्हणत असेल, तर कोणत्या पेपरची, हे लेखी मागा.

पदवी वाया जाते असं मी म्हणत नाही. पाया पक्का होतो, पण तो साध्या बी.एस्सी. संख्याशास्त्रानेही होतो. मुलाखतीत पहिला प्रश्न मात्र एकच असतो : पेपर किती झाले?

परीक्षा एवढी कडक का, ते मी वर्गात फळ्यावर दाखवतो. भारतीय विमाधारकांच्या 2012-14 च्या मृत्युदर तक्त्यानुसार तीस वर्षांच्या एक लाख विमाधारकांपैकी वर्षभरात सुमारे 98 जण दगावतात. चाळिशीला 168, पन्नाशीला 444. चाळिशीच्या एक लाख जणांनी प्रत्येकी लाखाचा विमा उतरवला, तर वर्षाला 168 लाख रुपये द्यावे लागणार, म्हणजे माणशी 168 रुपये. हा कच्चा हप्ता. त्यात व्याज, खर्च, धूम्रपान, मध्येच पॉलिसी सोडणारे हे सगळं धरायचं, तेही पुढच्या तीस वर्षांसाठी. एकेकाळी परदेशी कंपन्या केवळ भारतीय म्हणून आपल्याकडून जादा हप्ता घेत. 1870 साली निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने भारतीयांना नेहमीच्या दराने विमा दिला. दर चुकीचा बसला तर कोणावर तरी अन्याय होतो किंवा कंपनी बुडते, आणि दोन्हीची झळ घरादाराला लागते.

नोकरी फक्त विमा कंपनीतच मिळते, हेही खरं नाही. चाकणच्या कारखान्यात 26,000 रुपये वेतनावर वीस वर्षं झालेल्या कामगाराची ग्रॅच्युइटी काढा : 26 दिवसांच्या हिशेबाने पंधरा दिवसांचे 15,000, गुणिले वीस, तीन लाख. तो कधी निवृत्त होईल, कधी सोडून जाईल हे माहीत नसताना अशा हजार कामगारांचं देणं आजच ताळेबंदात दाखवावं लागतं. तो आकडा अ‍ॅक्चुअरी काढतो. आणि विमाही फक्त आयुष्याचा नसतो. 2023 च्या खरिपात आपल्या शेतकऱ्याने एका रुपयात पीक विमा भरला, तेव्हाही खरा हप्ता जोखमीच्या हिशेबानेच ठरला होता. उरलेली रक्कम सरकारने भरली.

गणितात असामान्य बुद्धी लागते? कॅल्क्युलस आणि संभाव्यता चांगली हवी, एवढंच. आणि एक अख्खा पेपर हिशेब सामान्य माणसाला समजेल असा लिहून सांगण्याचा आहे, हे किती जणांना ठाऊक असतं?

सायन्सच घ्यावं लागतं? नाही, कॉमर्सची मुलंही एसीईटी देतात.

कॉम्प्युटर हे काम खाईल? आकडेमोड तो आजही करतोच. पण प्रत्येक विमा कंपनीत नियुक्त अ‍ॅक्चुअरी असावाच लागतो आणि सही त्याची असते.

त्या गृहस्थांना जे सांगितलं तेच सर्वांना सांगतो. कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी पहिल्या संख्याशास्त्राच्या पेपरची जुनी प्रश्नपत्रिका छापून घ्या आणि एका रविवारी मुलीपुढे ठेवा. आज तिला ती सुटणार नाही, सुटायला नकोच. दुपारी जेवायला हाक मारल्यावर ती "थांबा, एवढं बघते" म्हणाली, तर एसीईटीचा फॉर्म भरा.