सनातनी चळवळ कशी समजून घ्यावी? : संमतिवयाचा वाद, पुणे आणि डाव्या विचारांपुढील पेच

प्रस्तावना

अमेरिकेतील पुराणमतवादी चळवळीने तेथील डाव्या अभ्यासकांना दीर्घकाळ कोड्यात टाकले आहे. १९५५ मध्ये विल्यम बकले यांनी ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे नियतकालिक सुरू केले, तेव्हा ती मूठभर सुशिक्षितांची हौस समजली गेली. १९६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत बॅरी गोल्डवॉटर यांचा दारुण पराभव झाला आणि हा प्रवाह संपला असे अनेकांना वाटले. त्यानंतर अवघ्या सोळा वर्षांनी, १९८० मध्ये, त्याच प्रवाहाचे रोनाल्ड रेगन अध्यक्षपदी निवडून आले. या यशाची डाव्यांनी प्रामुख्याने दोन स्पष्टीकरणे दिली. एक असे की, परंपरेची भाषा हा धनिकांच्या हितसंबंधांवर घातलेला मुखवटा आहे. दुसरे असे की, सामान्य माणूस फसविला गेल्यामुळे तो स्वतःच्या आर्थिक हिताविरुद्ध मत देतो. कॅन्सस राज्याविषयीच्या थॉमस फ्रँक यांच्या २००४ मधील ग्रंथाचा रोख बव्हंशी दुसऱ्या स्पष्टीकरणाकडे आहे.

कोरी रॉबिन यांनी २०११ मध्ये यापेक्षा वेगळी मांडणी केली. पुराणमतवाद म्हणजे जुन्याविषयीची माया नव्हे. जे आजवर खाली होते ते वर येऊ पाहतात, तेव्हा वरच्यांकडून उमटणारी ती संघटित प्रतिक्रिया होय, आणि तिचे खरे रणक्षेत्र संसदेपेक्षा घर, शेत व कारखाना हे असते, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल.

हा सारा वाद परका वाटण्याचे कारण नाही. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ मध्ये अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांस अर्पण केला, तेव्हा दोन देशांतील सामाजिक प्रश्न एकमेकांशेजारी ठेवण्याचे काम पुण्यातच सुरू झाले होते. प्रस्तुत लेखात त्याच पुण्यातील १८८४ ते १८९५ या काळातील सनातनी चळवळीचा, आणि ती समजून घेताना डाव्या विचारांपुढे उभ्या राहिलेल्या अडचणीचा, विचार केला आहे.

घराच्या उंबरठ्यावरील राजकारण

१८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविषयी आपली टिपणे प्रसिद्ध केली. त्याच सुमारास दादाजी भिकाजी यांनी पत्नी रखमाबाई हिने नांदावयास यावे म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर खटला पुन्हा उभा राहिला आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जाणे अथवा तुरुंगवास पत्करणे असा पर्याय त्यांच्यापुढे ठेवला. ‘केसरी’ने या प्रकरणात रखमाबाईंच्या विरुद्ध बाजू घेतली. रखमाबाई सुतार समाजातील होत्या; त्यांच्या बंडाने ब्राह्मण पुढाऱ्यांची झोप उडावी, ही गोष्ट बरेच काही सांगून जाते. प्रश्न एका जातीच्या आचाराचा राहिला नव्हता. पत्नी ‘नाही’ म्हणू शकते काय, हा तो प्रश्न होता.

१८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही बालिका पतीच्या बळजबरीने मरण पावली. जानेवारी १८९१ मध्ये सर अँड्र्यू स्कोबल यांनी संमतिवयाचे विधेयक मांडले आणि मार्चमध्ये ते संमत होऊन संमतीचे वय दहावरून बारा वर्षांवर आले. सुधारणा म्हणून ही अत्यंत माफक होती. तरीही पुण्यात जो क्षोभ उसळला त्याचे स्वरूप बारकाईने पाहण्याजोगे आहे. डॉ. रा. गो. भांडारकर यांनी धर्मशास्त्राच्या आधारे विधेयकाचे समर्थन केले, तेव्हा लोकमान्य टिळकांनी त्यांना शास्त्राच्याच आधारे ‘केसरी’तून उत्तर दिले. सभा, अर्ज, सह्यांची मोहीम, वृत्तपत्रांतील लेखमाला, प्रतिपक्षाच्या सभेत गोंधळ ही साधने वापरली गेली. यांतील एकही साधन सनातन नव्हते. छापखाना, टपाल, रेल्वे व इंग्रजी शिक्षण यांतून घडलेल्या वर्गाने ही परंपरेची लढाई लढविली. १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू करणाऱ्यांत आगरकरही होते व ते त्याचे पहिले संपादक होते. १८८७ मध्ये ते बाहेर पडले आणि पुढील वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढले. तोच छापखाना, तेच शिक्षण यांतून सुधारक आणि सनातनी दोघेही निर्माण झाले, याचा विसर पडता कामा नये.

आणखी एक बाब. टिळकांनी १८९० मध्ये सुधारकांपुढे प्रतिप्रस्ताव ठेवला होता : मुलींचे लग्न सोळा वर्षांपूर्वी व मुलांचे वीस वर्षांपूर्वी करू नये, हुंडा घेऊ नये, अशी बंधने सुधारकांनी आधी स्वतःवर घालून घ्यावीत. कायद्यापेक्षा ही अट कितीतरी पुढची होती. हा केवळ डाव होता असे म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण त्यामागील विचार स्पष्ट आहे : बदल करावयाचा तर तो कुटुंबप्रमुखाच्या मर्जीने व्हावा; पत्नीला वा मुलीला न्यायालयात मागता येईल असा हक्क त्यातून निर्माण होऊ नये. दया चालेल, हक्क चालणार नाही. रॉबिन यांचे प्रतिपादन पडताळून पाहण्यास याहून योग्य उदाहरण क्वचितच सापडेल.

डाव्यांनी काय पाहिले?

येथे आपल्याकडील डाव्यांची खरी अडचण सुरू होते. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईतील गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. लेनिन यांनी त्याच वर्षी या घटनेचे स्वागत केले आणि टिळकांचा उल्लेख लोकशाहीवादी म्हणून केला. हा गौरव पुढील अनेक दशके डाव्या लेखनावर छाया टाकून राहिला. जहाल राजकारण ते पुरोगामी आणि मवाळ ते प्रतिगामी, अशी ढोबळ विभागणी झाली की संमतिवयाचा वाद थोर पुरुषाच्या चरित्रातील किरकोळ डाग ठरतो.

रजनी पाम दत्त यांना हा विरोधाभास दिसला नाही असे नाही. १९४० मधील ‘इंडिया टुडे’ या ग्रंथात जहाल राष्ट्रवाद व सनातनी धर्म यांच्या युतीवर त्यांनी कठोर टीका केली आहे. परंतु त्यांच्या मते ही वैचारिक चूक होती. शास्त्रीय समाजदृष्टी हाती नसल्यामुळे जहालांनी चुकीचे हत्यार उचलले. म्हणजे योग्य सिद्धान्त मिळाला असता तर ते वेगळे वागले असते! दत्तांचे हे औदार्य प्रस्तुत लेखकास पटत नाही. जे अकरा वर्षे सातत्याने, रखमाबाई, मुलींची शाळा, शारदा सदन व संमतिवय अशा प्रत्येक प्रसंगी एकाच दिशेने केले जाते, त्यास चूक म्हणता येत नाही.

निव्वळ हितसंबंधांचे स्पष्टीकरणही अपुरे पडते. त्यात तथ्य आहे, हे लोणी काळभोरच्या परिसरातील वाचकांस वेगळे सांगावयास नको. येथून पूर्वेकडे भीमथडीत सुपे येथे १२ मे १८७५ रोजी कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांस लागू झाला. ‘केसरी’चा या कायद्यास विरोध होता, १८९९ मध्ये खोतीच्या प्रश्नावर टिळक खोतांच्या बाजूने उभे राहिले. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळात सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन शेतकऱ्यांस दुष्काळ-संहितेतील सवलती समजावून सांगितल्या, त्याही टिळकांच्याच प्रेरणेने. शिवाय सभांना गर्दी करणारा कारकून, शाळामास्तर वा भिक्षुक हा खोत नव्हता, सावकारही नव्हता. त्याला यातून काय मिळत होते?

फुल्यांचे उत्तर मुख्यतः ‘काव्या’चे होते : भटशाहीने अज्ञ जनांस फसविले. वरच्यांच्या वर्तनाचा उलगडा त्यातून होतो, अनुयायांचा होत नाही.

आंबेडकर आणि ड्यू बॉईस

या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर १९३५-३६ मध्ये दोन ठिकाणी, परस्परांशी संबंध नसताना, मिळाले. अमेरिकेत ड्यू बॉईस यांनी यादवी युद्धोत्तर पुनर्रचनेच्या इतिहासात दाखविले की, गरीब गोऱ्या मजुरास कमी वेतनाबरोबर एक मानसिक वेतनही मिळत होते. काळ्यांहून आपण वरचे, ही सार्वजनिक प्रतिष्ठा. भारतात डॉ. आंबेडकरांनी ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या भाषणाच्या आरंभीच १८९५ च्या पुण्यातील प्रसंगाकडे लक्ष वेधले. काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरविण्यास विरोध झाला, मंडप जाळण्याची धमकी दिली गेली आणि रानड्यांना परिषद अन्यत्र घ्यावी लागली. त्यानंतर आंबेडकर थेट समाजवाद्यांना प्रश्न करतात. जातिव्यवस्थेत प्रत्येकास वरच्याचा जाच असतो, परंतु प्रत्येकाच्या खाली कोणी तरी असतो. गमावण्यासारखे बेड्यांखेरीज काही नाही, हे मार्क्सचे आवाहन अशा समाजात निष्प्रभ ठरते, कारण प्रत्येकापाशी गमावण्यासारखे थोडेफार असतेच.

या दृष्टीने पाहता पुण्यातील कारकून फसलेला नव्हता. कचेरीत साहेबापुढे मान तुकविणाऱ्या त्या माणसापाशी एकच सार्वभौम राज्य उरले होते, ते म्हणजे त्याचे घर. संमतिवयाच्या कायद्याने नेमक्या तेथे हात घातला. अमेरिकेत १९७२ मध्ये संसदेने संमत केलेली स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती फिलिस श्लाफ्ली यांच्या मोहिमेमुळे रखडली आणि १९८२ च्या मुदतीपर्यंत आवश्यक अडतीसपैकी पस्तीसच राज्यांची मान्यता मिळाली. त्या मोहिमेत स्त्रियाच आघाडीवर होत्या, हा महत्त्वाचा फरक खरा. तथापि घरात सरकार नको, हा युक्तिवाद दोन्हीकडे एकच होता.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. पुण्यातील सरकार खरोखरच परकीय होते. परक्या सत्तेने घरगुती व्यवहारात कायदा करू नये, या म्हणण्यात स्वाभिमानाचा अंश होता आणि तो नाकारणारा डावा अभ्यासक वासाहतिक सत्तेचे नकळत समर्थन करतो. या आक्षेपाची कसोटी इतिहासानेच घेतली. १९४७ नंतर परकीय सरकार राहिले नाही. कायदामंत्री आंबेडकरांनी हिंदू संहिता विधेयक पुढे रेटले, तेव्हा विरोधकांनी नवे कारण काढले : ही संसद हंगामी आहे, जनतेने प्रत्यक्ष निवडलेली नाही. विधेयक रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये आंबेडकरांनी राजीनामा दिला. निवडून आलेल्या संसदेने १९५५-५६ मध्ये ते तुकड्यातुकड्यांनी संमत केले, तेव्हाही विरोध थांबला नव्हता.