पहाटेच्या एसटीचा हिशेब

टेंभरू आमच्या शाळेच्या व्हरांड्यात आला तेव्हा जेमतेम दीड महिन्याचा असेल. चौथीतल्या पोरांनी चिखलातून उचलून आणलेलं कुत्र्याचं पिल्लू. मी अहेरी तालुक्यात मास्तरीण. त्याच्या आधीचं पिल्लू माझ्याच हातून गेलं होतं. त्याला तान्ह्या बाळासारखं उताणं धरून ड्रॉपरने दूध पाजलं आणि ते फुप्फुसात उतरलं. रात्रभर ते मान ताणून, पुढचे पाय फाकवून बसलेलं. आडवं होईना. मी समजले, पोट दुखतंय. श्वास पुरत नसलेलं पिल्लू असंच बसतं, हे पुढं कळलं. पिल्लाला पालथंच ठेवून पाजायचं असतं.

म्हणून टेंभरू झोपला की मी घड्याळ घेऊन बसायची. बरगड्या एकदा वर-खाली, तो एक श्वास. शांत झोपेत मिनिटाला साधारण १५ ते ३०. अगदी लहानग्याचे थोडे जास्त. स्वप्नात पाय झाडत असेल तर थांबून पुन्हा मोजायचे. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा धापा टाकणं साहजिक. पण सावलीत आणूनही धाप थांबत नसेल, वर ओकारी येत असेल, तोल जात असेल, तर तो उष्माघात. अंगावर साधं पाणी ओतून, वारा घालत दवाखाना गाठायचा.

श्रावणात एका दुपारी टेंभरू ओकला. एकदा ओकून पिल्लू शेपूट हलवत खेळायला लागलं तर मी घाबरत नाही. बेडूक, चप्पल, काय काय तोंडात घालतात. पण संध्याकाळपर्यंत चार वेळा झालं, प्यायलेलं पाणीही बाहेर आलं, मग पातळ हगवण, रक्ताची, वास असा की व्हरांड्यात उभं राहवेना. शेजारच्या आजी म्हणाल्या, "ताक पाजा जी बाई, पोट बसून जाते."

मी त्याचा ओठ उचलला. हिरडी फिकट. बोटानं दाबली, पांढरा ठिपका दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा, तो रेंगाळला. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली. श्वास मोजले, ४८. पशुवैद्यांना फोनवर हे आकडे सांगितले. त्यांनी एवढंच विचारलं, "लस झाली का?" नव्हती. "मग सकाळची वाट बघू नका."

आपल्याकडं 'उद्या बघू' म्हणजे पहाटेची एसटी, नि नाल्याला पूर असला तर तीही नाही. सव्वा किलोच्या जिवात बारा तास पुरेल एवढं पाणी कुठलं? दवाखाना लांब म्हणून थांबायचं नसतं, लांब म्हणूनच एक लक्षण आधी निघायचं. आम्ही पिशवीत घालून मोटरसायकलवर नेलं. पार्व्हो हा विषाणूचा आजार निघाला. चार दिवस सलाईन. माणसांची तापाची गोळी मात्र चुकूनही देऊ नका. पॅरासिटामॉलनं पिल्लाचं यकृत जातं.

पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो, फिनाईलनं मरत नाही. पाण्यात ब्लीच घालून व्हरांडा धुतला.

पोट आणि छाती वेगळी समजू नका. जंताच्या अळ्या फुप्फुसातून फिरून आतड्यात येतात, त्यामुळे टम्म पोटाचं पिल्लू खोकतंही. डोळ्यांना चिपडं, नाकाला शेंबूड, खोकला, त्यावर हगवण, मग अंगाला झटके, हा डिस्टेंपर. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले, त्यांतल्या काहींत हाच विषाणू सापडला. ताडोबाच्या काठावरचं कुत्रं आणि जंगलातला रानकुत्रा यांच्यात कुंपण नाही. हिरड्या निळसर पडल्या, पोट ताणून फुगलं आणि उबळ येऊनही काही बाहेर पडत नसलं, तर आकडेसुद्धा मोजत बसू नका. गाडी मिळेपर्यंत १९६२ या पशुसेवेच्या क्रमांकावर विचारून बघा.

लस सहा-आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. टेंभरूचा पुढचा डोस सोमवारी. आजी म्हणतात, आमच्या मोत्यालाही न्या. मोत्या नऊ वर्षांचा, आणि पिशवीत मावत नाही.